फौजदाराच्या कानावरचा थेंब

शिंपीणकाकूंच्या फौजदार नावाच्या बोक्याला मधुमेह झाला. दवाखान्यात तो इतका बिथरायचा, की भीतीनंच त्याची साखर वाढायची. "खरा आकडा हवा तर घरीच तपासा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझं मशीन आहे की," काका म्हणाले. त्यांनाही मधुमेह होता.

काकूंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. माणसांचं मशीन मांजराची साखर बरेचदा कमी दाखवतं, असं कळल्यावर त्यांनी ते बाजूला सारलं.

दुकानदारानं आधी अंगावर चिकटवायचा सेन्सर दाखवला. "आमचा बोका गळ्यात पट्टा टिकू देत नाही, हे कुठलं ठेवतोय?" काकू म्हणाल्या. मग खास प्राण्यांसाठीचं मशीन पुढं आलं.

"रक्त किती लागतं?"

"मोहरीएवढं."

"द्या."

घरी पहिल्याच टोचणीला फौजदार काकूंचा हात ओरबाडून कपाटावर चढला. दुसऱ्या खेपेला रक्तच येईना. काका म्हणाले, "सोड गं नाद."

"सोडते कसली!" काकूंनी ऊन फडक्यानं त्याचा कान शेकला, त्याला आवडत्या चिंध्यांच्या ढिगात बसवलं आणि गोंजारत कानाच्या कडेला हलकेच टोचलं. थेंब आला. मशीनच्या पट्टीनं तो टिपला.

काकांनी चष्मा चढवून आकडा मोठ्यानं वाचला. दवाखान्यातल्यापेक्षा तो बराच कमी होता. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं तपासलंत. इन्सुलिन वाढवणार होते मी, आता आहे तेवढंच राहू दे."

काकू ओरबाडलेला हात धुवायला उठल्या. फौजदार चिंध्यांतच झोपला होता.