खिडक्या बंद करणारा भोंगा

मित्रांनो, मी हातात धरून बोलायचा भोंगा आहे, आता बराच जुना झालेला. माझं तोंड रुंद आहे, मूठ काळी आहे आणि मुठीपाशी दोन बटणं आहेत. पांढरं बटण दाबलं की बोलणाऱ्याचा आवाज दसपट होतो. लाल बटण दाबलं की मी नुसता किंचाळतो. गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देतो. एक वर्ष असं गेलं, की मी लांबून दिसलो तरी लहान मुलं आईच्या मागे लपायची.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे आम्हा भोंग्यांना ओळीने टांगायचे आणि एकेकातून 'एक, दोन, तीन' बोलून बघायचे. मी पहिल्याच फटक्यात बोललो, म्हणून माझ्यावर हिरवी चिठ्ठी चिकटली. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. पुढे दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो होतो, तेव्हा कपडे शिवणाऱ्या एका बाईने मला विकत घेतलं. ती वॉर्डाच्या निवडणुकीला उभी होती आणि तिचा आवाज फार बारीक होता. तिचा धाकटा दीर थट्टेने म्हणायचा, "वहिनी, तुमचं भाषण फक्त तुमच्या शिलाई मशीनलाच ऐकू जातं."

ती निवडून आली. सगळे तिला ताई म्हणू लागले. ते दिवस सुखाचे होते. पाणी उशिरा येणार, गटार उपसायला माणसं येणार, बाजारात हरवलेली पोर सापडली आहे, अशा बातम्या मी गल्लीगल्लीत सांगायचो. दिराचा पाण्याचे जार पोचवणारा तीनचाकी टेम्पो होता. त्यात बसून आम्ही फिरायचो आणि मागून मुलांची झुंड धावायची. प्रत्येकाला माझ्यातून एकदा तरी 'हॅलो' म्हणायचं असायचं. माझ्या तोंडावरचे ओरखडे त्याच झोंबाझोंबीतले आहेत. ते मी कौतुकाने मिरवतो.

मग तो आजार आला.

रस्ते ओस पडले. दुकानांची शटर खाली आली. रोज सकाळी ताईच्या हातात एक कागद यायचा. कोणत्या घरात आजारी माणूस सापडला, कोणती गल्ली आजपासून बंद, हे त्यात असायचं. ताईचं शिक्षण थोडकं. ती शब्दाखाली बोट ठेवून वाचायची. माझी मूठ तिच्या हातात असायची, म्हणून तो हात किती थरथरतोय हे फक्त मला कळायचं. आवाज मात्र मी मोठा करून सोडायचो. लोकांना वाटायचं, ताई भलतीच धीराची आहे.

पहिलं घर किल्लीवाल्याचं होतं. सगळ्या वॉर्डाची अडकलेली कुलपं तो उघडायचा. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी ताईने कागद वाचला, तेव्हा वरच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. पांढऱ्या पोशाखातली माणसं त्याला घेऊन खाली आली. त्याच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या. ते लक्षात आल्यावर तो परत वळला, पण त्याला वळू दिलं नाही. गाडीत चढताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. ताईकडे नाही, माझ्याकडे. नऊ दिवसांनी तो गेल्याचा निरोप आला. बायकोला त्याचं तोंडही बघता आलं नाही.

तेव्हापासून माझं नाव वाईट झालं. "जेव, नाहीतर भोंगा येईल," असं आया मुलांना सांगू लागल्या. मी आल्याचं कळलं की गल्ली श्वास रोखून धरायची. मित्रांनो, ज्या मुलांनी कधी माझ्यात 'हॅलो' म्हटलं होतं, तीच कानांवर हात ठेवून बसलेली मला दिसायची. मलाही माझ्या आवाजाची भीती वाटू लागली होती. आज कोणाचं घर, हाच विचार दिवसभर मनात असायचा.

अशात एके दिवशी वॉर्डातल्या शाळेच्या बाई ताईच्या फाटकाशी आल्या. त्या दहा पावलं लांब उभ्या राहिल्या. शाळा आता फोनवर भरत होती. बाईंच्या वर्गात बासष्ट मुलं होती आणि फोनवर दिसत होती फक्त एकोणीस. उरलेल्यांच्या घरी एक तर फोनच नव्हता, नाहीतर असलेला फोन घेऊन बाप कामाच्या शोधात बाहेर गेलेला असायचा. बाई चालत सगळ्यांच्या दारी जाऊन आल्या होत्या. एक मुलगी खोकी चिकटवायच्या कामाला लागली होती. एक जण खानावळीची भांडी घासत होता.  बाई म्हणाल्या, "शाळा काय, कधीतरी उघडेल. पण ताई, तोवर मुलं उरतील का?"

ताईने दुसऱ्याच दिवशी मदतफेरी सुरू केली. स्वतःचं त्या महिन्याचं मानधन तिने आधी बाजूला काढलं आणि मग मला घेऊन निघाली. लोकांनी जुने फोन द्यावेत, जमेल त्याने रिचार्जपुरते पैसे द्यावेत, एवढंच मागणं होतं. टेम्पोत पाण्याच्या जारऐवजी एक मोठी टोपली ठेवली.

पण झालं भलतंच. मी तोंड उघडलं, 'ऐका हो ऐका' एवढं बाहेर पडलं आणि धडाधड खिडक्या लागल्या. पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही. ज्या मुलांसाठी मी ओरडत होतो, त्यांच्याच मदतीच्या आड मी येत होतो. तीन दिवस फिरून टोपलीत एक चार्जर आणि एक बंद पडलेला रेडिओ जमला. दीर म्हणाला, "वहिनी, चार्जर मिळाला. आता फोन तेवढा शोधायचा राहिला." ताई हसली नाही.

चौथ्या दिवशी तिने कागद खिशातच ठेवला. टेम्पो चौकात उभा करायला सांगितला आणि मला तोंडाशी धरलं. मग बोलली.

"मी आज कोणाची गल्ली बंद करायला आलेले नाही. घाबरू नका असंही सांगणार नाही, कारण मी स्वतः घाबरलेय. मी चौथीत असताना पुरामुळे आमची शाळा बंद पडली. दोन महिन्यांनी ती उघडली. पण तोवर माझे हात कामाला लागले होते, आणि कमावणारे हात घरचे परत सोडत नाहीत. आपल्या वॉर्डात आज त्रेचाळीस मुलं तशी बसली आहेत. कपाटात जुना फोन पडला असेल तर द्या. फुटका असला तरी चालेल."

एकही खिडकी उघडली नाही. दिराने चावी फिरवायला हात पुढे केला. तेवढ्यात वरून एक खिडकी करकरली आणि दोरीला बांधलेली पिशवी सावकाश खाली आली. खिडकीत किल्लीवाल्याची बायको उभी होती. पिशवीत एक फोन होता, कडा झिजलेल्या.

"हा ह्यांचा आहे," ती वरूनच म्हणाली. "द्या एखाद्या पोराला. पण तो भोंगा माझ्या दाराशी पुन्हा वाजवू नका."

ताईने मान खाली घालून हो म्हटलं. त्यानंतर त्या गल्लीतून जाताना दीर इंजिन बंद करून टेम्पो ढकलत न्यायचा आणि मी टोपलीत उपडा पडून असायचो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिचा तेवढा हक्क होता.

त्या पिशवीनंतर दुसरी आली, मग तिसरी. तडा गेलेले, बटणं घासलेले, झाकण सुतळीने बांधलेले फोन येत राहिले. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने पैसे न घेता ते उघडले, एकाचा पडदा दुसऱ्याला लावला. आठवडाभरात अडतीस फोन चालू झाले. किराणावाल्याने, औषधवाल्याने रिचार्जचा भार उचलला. माझा आवाज आला तरी खिडक्या आता थोड्या उघड्या राहू लागल्या होत्या. पूर्ण नाही, फटीएवढ्या.

आणि मग ताईला ताप भरला.

सकाळचा कागद आला तेव्हा त्यावर तिचंच घर होतं. तिचा नवरा दूर बोटीवर कामाला, येणं शक्य नव्हतं. पुढच्या गल्लीत राहणाऱ्या दिराने मला उचललं. तो म्हणाला, आज मी वाचतो. ताईने मला त्याच्या हातून मागून घेतलं. "दुसऱ्यांची घरं मी वाचली, भाऊजी. माझं तुम्ही का वाचायचं?"

स्वतःच्या फाटकात उभं राहून तिने स्वतःच्या घराचा क्रमांक वाचला. गल्ली आजपासून बंद आहे म्हणून सांगितलं. फोनवरचा वर्ग रोजच्या वेळेला भरेल, बाई फोन वाटत राहतील, हेही सांगितलं. मध्येच तिला खोकला आला. मित्रांनो, मी तर यंत्र. मी तो खोकलाही दसपट केला. समोरच्या गच्चीपर्यंत तो गेला, आणि त्या एका क्षणी मला वाटलं, माझ्यातली तार कोणीतरी तोडून टाकावी. तिने मला कट्ट्यावर ठेवलं आणि ती गाडीत चढली.

पुढचे एकोणीस दिवस मी टेम्पोच्या सीटखालच्या पेटीत काढले. पहिले काही दिवस दीर रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचा आणि तसाच परत यायचा. ती कशी आहे हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. नंतर तो पेटी उघडेनासाच झाला. माझ्या सेलना पाणी सुटलं, आत हिरवट गंज चढला. एवढ्यांना घाबरवलेल्या मला तेव्हा कळलं, की निरोप न येणं हे वाईट निरोपापेक्षाही भयंकर असतं.

टेम्पो मात्र रोज दुपारी शाळेपाशी उभा असायचा. तिथून बाई राहिलेले फोन वाटायच्या. एक दिवस किल्लीवाल्याची बायको तिथे आली. आपला फोन कोणाला मिळाला, हे तिला पाहायचं होतं. तो खोकी चिकटवणाऱ्या त्याच मुलीला मिळाला होता. मुलगी भीतभीत म्हणाली, "काकू, ह्यात 'मालकीण' नावाचा एक नंबर आहे. पुसून टाकू का?"

काकूने 'मालकीण' हा शब्द हळूच पुन्हा उच्चारला. तिचा नंबर नवऱ्याने त्या नावाने ठेवला होता, हे बहुतेक तिलाही नवीन होतं. मग म्हणाली, "राहू दे. अभ्यासात काही अडलं तर लावत जा. हिशेब मला चांगला येतो."

विसाव्या दिवशी ताई घरी आली. दोघांचा आधार घेत पाच पायऱ्या चढायला तिला किती वेळ लागला म्हणून सांगू. आधीच बारीक असलेला आवाज आता कुजबुजीएवढा उरला होता. दीर टेम्पोची काच पुसत उभा राहिला, स्वच्छ असलेली काच पुन्हा पुन्हा पुसत. त्याच संध्याकाळी त्याने मला पेटीतून काढलं, गंज खरवडला आणि नवे सेल घातले.

कितीतरी महिन्यांनी शाळा उघडली. मैदानात चुन्याने गोल आखले होते आणि प्रत्येक गोलात एक मूल उभं होतं. तोंडाला पट्टी लावून बाईंना इतक्या लांब आवाज पोचवता येईना, म्हणून मला मागवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा हजेरी घेतली. बासष्ट नावं. एकेक 'हजर' ऐकताना मला काय झालं, ते शब्दांत सांगता येत नाही. पण पाच नावांना उत्तर आलं नाही. बाईंनी ती पुन्हा उच्चारली. मी होती नव्हती तेवढी ताकद लावली. मैदान गप्प राहिलं. भिंतीला टेकून उभी असलेली ताई बोटांवर ती नावं मोजत होती.

त्याच दुपारी ताई आणि बाई त्या पाच घरी निघाल्या. ताई दर दहा पावलांवर थांबत होती. तीन मुलं कामावर सापडली. त्यांच्या घरच्यांशी भांडून, विनवून, कधी नुसतं दारात बसून राहून त्यांना महिनाभरात वर्गात आणलं. उरलेल्या दोघांच्या खोल्यांना कुलूप होतं. दोन्ही कुटुंबं गाव सोडून गेली होती, कुठे ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. ती दोघं आजवर सापडली नाहीत. ती कुठे असतील, हातात काय काम असेल, हे मनात आलं की माझ्या आत अजून काहीतरी थरथरतं.

आता मी शाळेच्या कपाटावर असतो. खेळाच्या दिवशी तेवढा खाली उतरतो. मित्रांनो, मला पुसा, माझे सेल बदला, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. हजेरीच्या वेळी एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, तर लगेच पुढच्या नावावर जाऊ देऊ नका. ते मूल कुठे आहे, विचारा. शाळा सुटल्यावर त्याच्या घराकडे वाट वाकडी करा. मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हाक मारू शकतो, पण मला कोणाच्या दाराची कडी वाजवता येत नाही. तुम्हाला येते.