ओंजळभर माती

देवकीच्या माहेरची रीत होती. लेकीच्या घरी संत्र्याची बाग लावली, की पहिल्या खड्ड्यात माहेरच्या बागेतली ओंजळभर माती पडलीच पाहिजे. कळमेश्वरजवळच्या आपल्या बागेत देवकीनेही ती टाकली होती. पुढे बापाची बाग वाळून गेली. झाडं म्हातारी झाली, असं लोक म्हणाले. लोकांच्या बापाचं काय जातं!

आता देवकीची झाडं शेंड्याकडून वाळू लागली होती. पाणी होतं, खत होतं, तरी उभ्या उभ्या झिजत होती. सुरुवात झाली ती त्या पहिल्याच खड्ड्यापासून. भर दुपारी तिने तिथली मुळं उकरून नळाखाली धरली. पाणी नितळ झालं, पण माती सुटेना. आतून कोणी धरून ठेवल्यासारखी ती मुळांना चिकटूनच राहिली.

तिचा नवरा नत्थूजी नागपुरात माती तपासून घेऊन आला. "सूत्रकृमी हायेत म्हणे. डोळ्याले दिसत नाहीत, मुळाले तोंड लावून बसतात. एका बागेतल्या मातीसंग दुसऱ्या बागेत जातात. आपल्या वावरात कोनं आणले वं?"

देवकीने पदराला हात पुसले. पुन्हा पुसले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. रितिकाच्या सासरी आज संत्र्याची लागवड होती.

"आई वं, तू बांधून दिलेली माती पुरवून पुरवून टाकली," ती हरखून सांगत होती. "एकही खड्डा सोडला नाही."