घरात मूल आहे तोवर

आमच्या घरातलं मूल अठ्ठावन्न वर्षांचं होतं. त्याला मिशा होत्या, रक्तदाब होता आणि कर कार्यालयात कायमची नोकरी होती. मूल म्हणजे माझा धाकटा भाऊ. हसू नका, आम्हाला हसून चालण्यासारखं नव्हतं.

हा घोळ खापरपणजोबांचा. त्यांनी बालकवितांचे चार जाडजूड खंड जमवले. कातडी बांधणी, सोनेरी कडा, आज त्यांना दोनशे वर्षं झाली असतील. मरताना त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं की घरात मूल आहे आणि त्याला या कविता वाचून दाखवल्या जाताहेत, तोवर खंड घरात राहतील. मूल संपलं की संग्रहालयात जातील. मूल किती वर्षांचं असावं, हे लिहायचं मात्र राहून गेलं. ऐन वेळी अक्कल चरायला जाते, ही आमच्या घराण्याची खोडच आहे.

आम्ही दोघंही बिनलग्नाचे राहिलो, त्यामुळे भाऊ मूल ते मूलच राहिला. संग्रहालयाचा माणूस दरवर्षी तपासणीला यायचा. गेल्या खेपेला भावाकडे बघून त्याने जरा कुरकुर केली. आईने भावाला आ करायला लावलं. पुढचे दोन दात नव्हते.

"दात पडायचंच वय आहे त्याचं," आई म्हणाली. माणसाने वाकून पाहिलं, मान डोलावली आणि चहा पिऊन गेला.

आईची ऐंशी उलटली आहे आणि या खंडांशिवाय तिचं पान हलत नाही. रोज जेवणं उरकली की ती भावाला शेजारी बसवून वाचायची आणि मी भांडी घासायची. तू मोठी आहेस, हे मी तीन वर्षांची असल्यापासून ऐकत आले आहे. कविता मला ऐकू यायची, पण अर्धीच. मधल्या कडव्यापर्यंत माझी कढईची पाळी यायची आणि नळ सोडला की पुढचं सगळं पाण्यात. एका मुलाने बूट पुसले नाहीत म्हणून बूट त्याला सोडून चालू लागले, एवढं मला ठाऊक आहे. कुठे गेले, देव जाणे. एक मुलगी कधी दार लावायची नाही, तिला वारा उचलून छपरावर घेऊन गेला. ती बिचारी माझ्या डोक्यात सगळं आयुष्य तिथेच बसून आहे.

तूच उघडून वाचायचंस की, असं भाऊ एकदा म्हणाला. त्याला काय कळणार? मला वाचायचं नव्हतं. मला कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

आणि या वर्षी आमच्या मुलाने लग्न केलं. कचेरीतल्याच एका बाईंशी, आणि वर त्यांच्या घरी राहायलाही गेला. मी त्याला सोडला नाही. इतकी वर्षं थांबलास, आई आहे तोवर थांबला असतास तर काय आभाळ कोसळणार होतं, असं चांगलं सुनावलं. तो म्हणाला, जिथे कोणाचेही बूट पळून जात नाहीत अशा घरात मला आता जेवायचंय. आईने त्याला आशीर्वाद दिला, आणि तो गेल्यावर चारही खंड मांडीवर घेऊन बसून राहिली. जेवली नाही. खंड गेले तर ही बाई अंथरूण धरणार, हे मला दिसत होतं.

लग्नाची खबर लागताच संग्रहालयाचा माणूस दुपारी आला, कापूस घातलेली पेटी घेऊन. पांढरे हातमोजे चढवले. पहिला खंड भावाने चावलेला होता, दुसऱ्यावर खिमटाचे डाग, तिसऱ्याचे कोपरे गेलेले. चौथा आईला कधी आवडला नाही, तो कोराच राहिला होता. तो हातात घेऊन माणूस हळवा झाला. मुलाच्या हाती न लागलेली प्रत सगळ्यात मोलाची, ताई, अशी लाखात एखादी सापडते, असं मला सांगू लागला.

"थांबा," आई म्हणाली. "घरात मूल आहे." आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

त्याने माझे पांढरे केस पाहिले, चष्मा पाहिला, गळ्यातली मोजायची टेप पाहिली. मी शिवणकाम करते. मीही आईकडे बघत राहिले.

"वय बघू नका," आई म्हणाली. "हिचं बालपण मी कधी बाहेर काढलंच नाही. पाठोपाठ धाकटा झाला आणि ते तसंच राहून गेलं. त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. न हाताळलेली प्रत मोलाची, असं तुम्हीच म्हणालात ना?"

मला भयंकर राग आला. हे आत्ता सांगतेस, आणि परक्या माणसासमोर? पण रागाबरोबर रडूही आलं, आणि दोन्ही एकदम सांभाळणं मला जमेना.

माणूस माझ्याभोवती एक फेरी मारून आला. कधी हट्ट केला होता का, विचारलं. नाही. कोणी कधी गोष्ट सांगितली? नाही. रुसून बसलात? वेळ कुठे होता, मी म्हटलं. मग अशी प्रत आपण उभ्या जन्मात पाहिली नाही म्हणाला आणि पेटीचं झाकण लावलं. फक्त वाचून दाखवलेलं मला डोळ्यांनी पाहावं लागेल, नियम आहे, असंही म्हणाला.

आईने छपरावरची मुलगी काढली. मधलं कडवं आलं आणि मी सवयीने उठले. दुपारची भांडी तशीच होती. आईने माझा हात धरला.

"बस. भांडी मोठी माणसं घासतील."

खोलीत मोठं माणूस एकच होतं. त्याने हातमोजे काढले, बाह्या सारल्या आणि तो मोरीकडे गेला. नळ सुटल्याचा आवाज आला.

आई वाचत होती आणि मी तिला टेकून बसले होते. कवितेत अंधार पडला, वारा थांबला, मुलगी छपरावरून खाली उतरली. सगळ्या गल्लीतली दारं बंद होती. तिचं एकटीचं दार कोणी लावलेलं नव्हतं, म्हणून तिला घरात जाता आलं.

"मग ती खाली आली का?" मोरीतून माणसाने विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

मी त्याला नळ बंद करून बाहेर यायला सांगितलं, आणि आईला म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून वाच.