पितळी गट्टू

गार्दोनेच्या खोऱ्यात पिकं दोनच, चेस्टनट आणि बंदुका, आणि त्यातलं चेस्टनटचं पीक बेभरवशाचं. मेल्ला नदीच्या पाण्यावर घण चालतात, वरच्या आळीत नळ्या घडतात, खालच्या आळीत बंदुकीचे घोडे आणि चाप. इथलं पोर चमच्याआधी कानस धरायला शिकतं. या बंदुकांनी किती माणसं मेली हे मोजायला कुणी निघालाच, तर त्याला फार लांब जायला नको, गावच्याच दफनभूमीतून सुरुवात करता येईल.

आफ्राचा नवरा ओनोरियो मागल्या हिवाळ्यापासून तिथंच होता. नळ्यांनी लादलेलं खेचर घेऊन तो पुलाच्या मधोमध आला आणि समोरून लानफ्रांको आला. वरच्या गढीतल्या काउंटने पाळलेला हा मारेकरी. "बाजूला हो," तो म्हणाला. ओनोरियो म्हणाला, "खेचराला सांगा. माझं ते ऐकत नाही." एवढ्या बोलण्यावर लानफ्रांकोने त्याच्या दातांवर पिस्तूल टेकवून चाप ओढला. अर्ध्या गावाने पाहिलं. खेचर मात्र जागचं हललं नाही.

ब्रेशा शहराच्या न्यायाधीशाने लानफ्रांकोला बहिष्कृत ठरवलं, म्हणजे दिसेल तिथं कुणीही मारावा, मारणाऱ्याला शिक्षा नाही. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? लानफ्रांको गढीत जेवत होता, रविवारी प्रार्थनेला पुढच्या बाकावर बसत होता, आणि गाव त्याला वाट सोडत होतं. आफ्राला त्याच्यापेक्षा गावाचाच राग जास्त यायचा.

आणि एके दिवशी तो कोमिनोच्या, म्हणजे आफ्राच्या सासऱ्याच्या, कारखान्यात येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, मला ती तुझी पुन्हा पुन्हा बोलणारी बंदूक हवी. एकदा भरली की फैरीमागून फैर."

म्हातारा कोमिनो दस्ता रंधत होता. त्याने मान वर केली नाही. "वेळ लागेल."

"लागू दे. तुझ्या पोराचं मनात ठेवू नकोस. माझ्याही मनात काही नाही."

"पोरगा तोंडाळच होता," कोमिनो म्हणाला.

कोपऱ्यात पितळ घासत बसलेल्या आफ्राच्या हातातून कुरुंदाच्या पुडीची वाटी खाली पडली. लानफ्रांकोने तिच्याकडे पाहिलं, वाकून वाटी उचलली आणि तिच्यासमोर ठेवली. अशी माणसं शिष्टाचाराला फार जपतात.

तो गेल्यावर आफ्रा उठली. "तोंडाळ होता? तुमच्या जिभेला हाड तरी आहे का बाबा? आणि तुम्ही त्याला बंदूक करून देणार?"

"देणार." कोमिनोने रंधा खाली ठेवला. "गट्टू सैल ठेव."

आफ्रा जागीच थांबली. तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

या बंदुकीच्या दस्त्यात दोन पोकळ्या असतात, एकीत गोळ्या, दुसरीत दारू, चांगली मूठभर. त्या पोकळ्या आणि नळी यांच्या मध्ये आडवा बसतो एक पितळी गट्टू, त्याला खळग्या कोरलेल्या आणि बाहेर डाव्या बाजूला दांडी. नळी जमिनीकडे झुकवायची, दांडी पुढं ढकलायची, की खळग्यांत गोळी आणि दारू पडते. दांडी मागं ओढायची, की तो ऐवज नळीच्या बुडाशी येतो. मग उचला आणि झाडा. युक्ती सुंदर आहे. फक्त झाडणाऱ्याच्या गालाखाली दारूचं कोठार असतं आणि नळीतली आग त्यापासून चार बोटांवर. मध्ये राखणदार कोण, तर तो गट्टू. तो आपल्या घरात, म्हणजे खोबणीत, चपखल बसला तर बंदूक, केसभर सैल राहिला तर सुरुंग. आणि कोमिनोच्या कारखान्यात गट्टू घासून बसवायचं काम आफ्राचं होतं. तिच्याइतका सबुरीचा हात खोऱ्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"पण पहिली भरती तुम्ही झाडणार," ती म्हणाली.

गार्दोनेची रीतच तशी. नव्या बंदुकीची पहिली भरती ती घडवणाऱ्याने झाडायची, नदीकाठच्या शिळेवर उभं राहून, स्वतःच्या गालाला दस्ता लावून, सगळ्यांसमोर. ज्याचा गाल त्याची हमी. मग गट्टू बाहेर काढायचा, काजळी पुसायची, चरबी चोळायची आणि मगच बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची.

"झाडेन की," कोमिनो म्हणाला. "त्याला म्हणेन, या, जवळ उभे राहा, माझ्या हातावर हात ठेवा, दांडीचं वळण शिका. त्याचं थोबाड माझ्या थोबाडाला लागेल. मग होईल ते होईल."

"तुम्हीही मराल."

"माझं काय उरलंय? गुडघे गेले, दात गेले, पोरगा गेला. नुसता मक्याचा पोलेंता गिळत बसलोय. सैल ठेवशील ना?"

"ठेवीन," आफ्रा म्हणाली.

ती मनापासून म्हणाली होती. पहिले काही दिवस तिने घासलंही त्याच हिशोबाने, दात खाऊन. पुलावरचं रक्त गोठून खेचराच्या खुरांना चिकटलं होतं, ते तिला घासताना दिसत राही. पण संध्याकाळी म्हातारा चुलीशी बसून पोलेंत्याच्या करपलेल्या कडा खरवडून तिच्या ताटात टाकायचा, कारण त्या तिला आवडतात. ओनोरियो कधी असलं काही करत नसे. नवरा गेल्यावर माहेरचे न्यायला आले होते, तेव्हा याच म्हाताऱ्याने दारात काठी आडवी धरली होती आणि तो म्हणाला होता, "तिला जायचं असेल तर जाऊ दे, तुम्ही न्यायचं नाही." ती गेली नाही. आता याच माणसाच्या गालाखाली तिने स्वतःच्या हाताने सुरुंग पेरायचा होता.

तिला ते जमेना. सूड हवा होता, भुकेसारखा हवा होता, पण या किमतीला नको होता. एका सकाळी तिने नवं पितळ घेतलं आणि नवा गट्टू घासायला घेतला, आजवर कधी घासला नव्हता असा घट्ट. काजळ फासून फिरवायचा, उंचवटा दिसला की घासायचा, पुन्हा काजळ. शेवटी गट्टूच्या घराला तोंड लावून तिने जीव खाऊन फुंकर मारली. कारखान्यात म्हणतात, फुंकर गेली नाही तर आगही जात नाही. फुंकर गेली नाही.

कोमिनोला तिने यातलं काही सांगितलं नाही. एरवी तो प्रत्येक गट्टूला स्वतः तोंड लावून बघायचा. या वेळी त्याने बंदूक जुळवली, पुसली आणि कापडात गुंडाळली. मरणाला काय तपासून घ्यायचं, असं त्याला वाटलं असावं.

रविवारी प्रार्थना आटोपून गाव नदीकाठी जमलं. लानफ्रांको एका सोबत्याला घेऊन आला होता. सोबती घोडे धरून लांब उभा राहिला. कोमिनो शिळेवर चढला. आफ्राने सवयीने शिळेवरच्या सामानावर नजर फिरवली, फडकं होतं, काजळी खरवडायची तासणी होती, चरबीचं मडकं नव्हतं. मडकं तो विसरला नव्हता. आपल्याला त्याची गरज पडणार नाही हे धरूनच तो घरातून निघाला होता.

"या साहेब," कोमिनो म्हणाला, "असं लांबून काय शिकणार? हात इथं ठेवा. आणखी जवळ या, मी काय चावतोय? दात आहेत कुठं?"

लोक हसले. लानफ्रांकोही हसला आणि जवळ आला. दोघांचे गाल जवळजवळ टेकले. कोमिनोने नळी झुकवली, दांडी पुढं, दांडी मागं, बंदूक उचलली आणि डोळे मिटले. नेम धरताना कोण डोळे मिटतं?

बार झाला. समोर नेमासाठी उभ्या केलेल्या फळीचा कोपरा उडाला. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदा आफ्राकडे पाहिलं.

पुन्हा नळी खाली, दांडी, बार. पुन्हा त्याने आफ्राकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. नवऱ्याचा खुनी चार पावलांवर उभा आहे, या वेळेपर्यंत त्याचा मेंदू नदीत गेला असता, आणि आपण त्याला वाचवतोय, हे तिला कळत होतं आणि स्वतःची किळस येत होती. तरी प्रत्येक बारानंतर म्हातारा जिवंत दिसला की तिच्या छातीतलं काहीतरी सुटायचं.

दस्ता रिकामा झाला तेव्हा कोमिनोने बंदूक खाली घेतली. त्याला सगळं उमगलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, भर बाजारात विजार सुटलेल्या माणसाची शरम होती.

"वा मिस्त्री," लानफ्रांको म्हणाला. "भर परत."

"थांबा. आधी गट्टू काढून पुसतो. चरबी..." कोमिनोने शिळेकडे पाहिलं.

"भर म्हटलं ना."

कोमिनोने गोळ्या आणि दारू भरली. लानफ्रांकोने बंदूक हिसकावून घेतली, नळी झुकवली, दांडी फिरवली आणि फळीच्या मधोमध भोक पाडलं. मग तो वळला. अशा धंद्यातला माणूस जगतो तो लोकांचे चेहरे वाचून.

"एक सांग. आपल्याच बंदुकीला तू एवढा का घाबरत होतास? आणि दर वेळी या बाईकडे काय बघत होतास?"

कोमिनो फडक्याने हात पुसू लागला.

"मला जवळ बोलावलंस. गालाला गाल लावलास." लानफ्रांकोने सावकाश नळी झुकवली, दांडी पुढं, दांडी मागं. दांडी येताना जरा कुरकुरली. "फुटणार होती ना ही?"

"फुटली नाही, हे माझं नशीब," कोमिनो म्हणाला आणि त्याच्या तोंडावर थुंकला.

लानफ्रांकोने त्याच्या पोटात गोळी घातली. म्हातारा शिळेवर बसला, मग आडवा झाला आणि दोन्ही हातांनी आतडी आत धरू लागला. गाव मागं सरलं. पुलावर सरलं होतं तसंच.

आफ्रा मात्र पुढे आली. लानफ्रांकोने नळी झुकवली, दांडी या वेळी दोन्ही हातांनी ओढावी लागली, आणि त्याने तिच्या तोंडावर नेम धरला. बार झाला. गोळीने तिचा डावा कान नेला. गरम रक्त मानेवरून गळ्यात उतरलं. तिला दुखलं नाही, फक्त सगळं फार लांब गेल्यासारखं झालं.

त्याने पुन्हा नळी झुकवली आणि दांडी पुढं ढकलली. ती अर्ध्यावर गेली आणि बसली.

का बसली, ते त्या नदीकाठी एकट्या आफ्रालाच कळलं. एक अख्खी भरती आणि वर तीन बार, एवढी काजळी साठली होती, चरबीचा थेंब नव्हता आणि गट्टूभोवती काजळीला जायला केसभरही जागा तिने ठेवली नव्हती. सैल गट्टू चालवणाऱ्याला मारतो, घट्ट गट्टू त्याला उघडा पाडतो.

लानफ्रांको दांडीशी झटत होता, नळी जमिनीकडे, मान खाली. "ही फिरत का नाही?" तो खरंच विचारत होता, गिऱ्हाइकाने कारागिराला विचारावं तसं.

"पुसून घ्यायची असते," आफ्रा म्हणाली.

तिने शिळेवरची तासणी उचलली होती, झिजलेल्या कानशीची, तिन्ही कडांना धार लावलेली. पितळावर ती जशी चालवायची तशीच तिने ती त्याच्या जबड्याखाली घातली आणि फिरवली. त्याने बंदूक सोडून तिचा गळा धरला. ती फिरवत राहिली. त्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे तिच्या ओठांवर उडाले. दोघं खाली पडली तेव्हा तो तिच्या अंगावर होता, पाय झाडत होता, त्याचा अंगठा तिच्या तुटलेल्या कानाच्या भोकात रुतला होता, आणि तिने तासणी बाहेर काढून पुन्हा घातली, पुन्हा घातली, तो जड होईपर्यंत आणि त्यानंतरही. त्याचा सोबती दोन्ही घोडे घेऊन कधीच गढीच्या वाटेला लागला होता.

गावातलं कुणी तिला उठवायला आलं नाही. ती स्वतःच उठली आणि गुडघ्यांवर रांगत कोमिनोकडे गेली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे शुद्धीत होते. त्याने लानफ्रांकोच्या प्रेताकडे पाहिलं, मग शेजारी पडलेल्या बंदुकीकडे. दांडी अर्ध्यावरच अडकलेली होती.

"हलत नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"किती घट्ट बसवलास गं." त्याने रक्ताळ बोटाने दांडी ढकलून पाहिली. अशाही वेळी त्याच्या आवाजात थोडं कौतुक होतं. "तुला सांगितलं होतं, सैल ठेव."

"ठेवला असता तर आज तुम्ही मेला असता बाबा."

कोमिनोने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग आता काय करतोय मी, पोरी?"

आफ्राला हसू फुटलं, आणि त्यातूनच ती हंबरडा फोडून रडू लागली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोही हसायला गेला, पण हसण्याने पोट फाटत होतं, म्हणून त्याने तिचा हात घट्ट धरला आणि नुसता तिच्याकडे पाहत राहिला. त्याची पकड सैल पडली तेव्हा चर्चची दुपारची घंटा वाजत होती.