मधल्या फळीच्या खाचा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. आज मला पाहाल तर जुनी म्हणणार नाही, कारण माझ्या अंगावर पांढराशुभ्र रंग आहे आणि तो मला शोभतोही. पण माझ्या मधल्या फळीच्या कडेखालून जरा बोट फिरवा. तिथे काही खाचा लागतील. त्या खाचा बुजल्या तेव्हा या घरावर काय ओढवणार होतं, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

मोडीत निघालेल्या एका दुकानाच्या काउंटरमधून सुताराने मला घडवलं. रंधा मारला, तीन फळ्या बसवल्या, मूठ आपटून पाहिली आणि म्हणाला, "जाते कुठे ही!" तेव्हापासून मी या ओट्याच्या वर भिंतीला घट्ट धरून आहे. फोडणीचा धूर खाल्ला, तेलाचे शिंतोडे झेलले. पाहुणे आले की म्हणायचे, "काय मजबूत मांडणी आहे हो!" मी सुखावून जायचे. पुढे माझ्या अंगावर चिकट काळा थर बसला, आणि मग माझ्याकडे कोणी मान वर करून पाहीनासं झालं.

या घरात चिमणी नावाची शाळकरी मुलगी आहे. खरं नाव वेगळं, पण ते फक्त शाळेत चालतं. तिची आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात जाते. बाबा ट्रक चालवतात, त्यामुळे घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. आणि आहेत काका, बाबांचे थोरले भाऊ. एका मोठ्या कॅन्टीनमध्ये त्यांनी जन्मभर स्वयंपाक केला. डोळे बिघडले तेव्हा ते इथे आले आणि आल्या आल्या माझ्या समोरची जागा त्यांनी ताब्यात घेतली. घरचा स्वयंपाक ते करतात, म्हणूनच आई निश्चिंतपणे कामाला जाऊ शकते.

"डोळे जरा अधू झालेत, एवढंच," असं ते सगळ्यांना सांगत. ते खोटं होतं. त्यांना खिडकीचा उजेड तेवढा कळत होता, बाकी सारा अंधार. पण नाकावर माशी बसू न देणारा माणूस! आपल्याला दिसत नाही असं कळलं तर हातातला झारा काढून घेतील आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवतील, ही भीती त्यांच्या मनात पक्की बसली होती.

म्हणून एका दुपारी, घरात कोणी नसताना, त्यांनी चाकूने माझ्या मधल्या फळीच्या कडेखाली खाचा पाडल्या. भिंतीजवळच्या टोकाला एक खाच, म्हणजे मीठ. त्याच्या शेजारी दोन, म्हणजे साखर. तीन म्हणजे पीठ. मला दुखलं, पण मी कुरकुरले नाही. त्या दिवसापासून काकांचं बोट आधी माझ्या कडेखालून फिरायचं आणि मग हात अचूक डब्यावर जायचा. मंडळी म्हणायची, "काकांच्या हाताला डोळे आहेत." ते डोळे म्हणजे मी होते, मित्रांनो! मला त्याचा केवढा अभिमान होता.

मग आईने स्वयंपाकघर नवं करायचं ठरवलं. पिवळ्या पडलेल्या फरश्या, टवके उडालेला ओटा आणि मी, आम्हा सगळ्यांचा तिला वीट आला होता. नवं फर्निचर घेण्याची ऐपत नव्हती. पण ती हाताची हुशार. फरश्यांवर तिने चिकट कागद लावला. कारखान्यातल्या बायकांकडून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या गोळा केल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि सगळ्यांची झाकणं एकाच रंगात रंगवली. रंगाच्या वासाचा त्रास नको म्हणून काका शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसले होते. आईने मला पॉलिश पेपरने घासलं. घासता घासता तिच्या हाताला खाचा लागल्या.

"अगं बाई, उंदरांनी पार कुरतडलंय की!" असं म्हणून तिने प्रत्येक खाचेत पुट्टी दाबून भरली आणि वरून मला पांढरा रंग दिला.

मी ओरडले असते, पण लाकडाला कुठला आवाज!

बरण्या लावतानाही तिच्या मनात काळजीच होती. काकांना हात लांबवावा लागू नये म्हणून मीठ तिने शेगडीजवळ आणलं. सिंकची तुंबलेली नळी मोकळी करायच्या जहाल पावडरचा पुडा फाटला होता. ती चिमणीच्या हाती लागायला नको, म्हणून तीही एका बरणीत भरून वर ठेवायची होती. पण माझी वरची फळी अजून ओली. तेव्हा आजच्यापुरती म्हणून ती बरणी मधल्या फळीवर, भिंतीजवळच्या टोकाला ठेवली. मिठाच्या जागी! सगळ्या बरण्यांवर तिने सुवाच्य अक्षरात नावं लिहून चिकटवली.

संध्याकाळी तिने काकांना हाताला धरून आणलं. "बघा भाऊजी, कसं दिसतंय?"

काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "झकास! ओळखूच येत नाही."

"सगळ्यांवर नावं लिहिलीत. आता शोधाशोध नको."

"छान केलंस," काका म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला.

आई कपडे वाळत घालायला मागे गेली. काकांनी कढईत बटाटे टाकले. मग ओल्या हाताचं बोट माझ्या कडेखाली आलं आणि फिरू लागलं. गुळगुळीत. सगळीकडे गुळगुळीत. बोट परत फिरलं, आणखी हळू. त्यांनी एक बरणी उचलली, कानाशी हलवली आणि ठेवून दिली. हाक मारली असती तर आई धावत आली असती. पण हाक मारायची म्हणजे सगळं उघडं पडणार.

स्वस्तातली पुट्टी वाळली की आत बसते. भिंतीजवळच्या टोकाला ती किंचित खचली होती. काकांच्या नखाला ती जागा लागली, त्यांनी नख खुपसलं आणि पुट्टी भुरभुर खाली पडली. एक खाच! काकांचा चेहरा उजळला. पण तिथली बरणी आता मिठाची नव्हती. ज्या खुणेने इतके दिवस खरं सांगितलं, तीच आज त्यांचा घात करायला निघाली होती.

त्यांनी बरणी उघडली आणि चिमूट घेतली. हात कढईवर आला.

"काका, झालं का? भूक लागलीय!" बाहेरून चिमणी ओरडली.

काकांनी बोटं चोळली आणि चोळता चोळता ती थांबली. चिमूट ओल्या बोटांत साबणासारखी बुळबुळीत झाली होती. मग झोंबू लागली. मुठीत आवळून त्यांनी हात मागे घेतला. अजूनही त्यांना गुपचूप हात धुता आला असता आणि दुसरी बरणी चाचपता आली असती. दुसरा हात तसा निघालाही होता.

काकांनी आधी शेगडी बंद केली.

"अगं," त्यांनी हाक मारली, "इकडे ये लवकर. हे काय आहे ते सांग. मला दिसत नाही."

आई आली, बरणीवरचं नाव वाचलं आणि पांढरीफटक पडली. काकांचा हात तिने नळाखाली धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. "जरासुद्धा दिसत नाही, भाऊजी? कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. त्या खाचा उंदराच्या नव्हत्या गं. माझ्या होत्या."

आई रडली. काका मान खाली घालून म्हणाले, "आता उद्यापासून खुर्चीवर बसतो."

"खुर्चीवर बसाल, तर जेवायला कोण घालेल आम्हाला?" आई डोळे पुसत म्हणाली आणि तिने चाकू घेतला.

काकांच्या बोटांना पट्टी बांधलेली. डाव्या हाताने ते जागा दाखवत होते आणि ती माझ्या कोऱ्या रंगात खाचा पाडत होती.

"रंग खराब होतोय," काका म्हणाले.

"होऊ दे. माझ्याच हातचा आहे."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर रंगवा. आम्हालाही नटायला आवडतं. पण घासण्याआधी आमच्यावरून एकदा हात फिरवा आणि घरात विचारा, हे कशाचं आहे? आणि विषारी पावडर खायच्या बरण्यांत कधीच भरू नका. ती पावडर आता न्हाणीघरात, कुलपाच्या पेटीत असते.

काका अजून माझ्यासमोर उभे असतात. फरक एवढाच, की आता घरात कोणी बरणी हलवली तर मोठ्याने सांगतं, "काका, साखर हलवली हो!" आणि काका तितक्याच मोठ्याने ओरडतात, "कुठे ठेवलीस? मला दिसत नाही!"