सातवी फेरी

शिरूरला मार्केट यार्डासमोर माझं पाण्याच्या मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान हाय. दुकानात मी कुणाचं ऐकून घेत न्हाई. घरात मात्र तीस वर्षं ऐकतेय, "अंजना थापाडी."

यवतला आमच्या सोपानमामाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. बारा वर्षांची असताना मी तिथं सातवी फेरी खेळले. नदी लाल, आन् पूल मधीच तुटतो. सगळे म्हणाले, त्या गेमला सहाच फेऱ्या. थोरला भाऊ, भारतदादा, तवा माझ्या शेजारी उभा होता. तोसुद्धा म्हणाला, "मी न्हाई बाबा असलं काय बघितलं."

गेल्या महिन्यात मामाचा माळा रिकामा करताना गेमच्या मशीनमधला एक सर्किट बोर्ड निघाला. मामीनं तो दादाच्या हाती धाडला. नाव न्हाई, नंबर न्हाई. नकली माल बनवणाऱ्यानं चिपांवरची अक्षरंसुद्धा घासून काढलेली, म्हंजी आपली चोरी दुसऱ्यानं चोरू नये. मामाकडं चार गेम होते. त्यातला हा कुठला? मला काय चैन पडेना.

"भंगारात घाल की," दादा म्हणाला.

"तू गप चहा पी."

बोर्डाच्या कडेला मामानं जोडलेल्या वायरी तशाच होत्या. काळी वायर म्हंजी न्यूट्रल, आमच्या धंद्यात हाताला हीच सवय. तीच ग्राउंड, म्हंजी करंट परत जायची वायर, समजून जोडणारच होते, पण मीटर लावला तर काळी निघाली चिपेच्या पाच व्होल्टच्या पायाला जोडलेली. मामानं पंपाच्या केबलीचे उरलेले तुकडे हाताला येतील तसे लावलेले. बोर्ड जळाला असता, आन् माझं खरं करून दाखवायची एकुलती एक संधी गेली असती. मामाला मनातल्या मनात शिव्या घातल्या आन् सगळ्या वायरी उपटल्या.

मग चिपांनाच विचारलं. चौदा पायांच्या लहान चिपेचा बहुतेक सातवा पाय ग्राउंडचा असतो, चौदावा पाच व्होल्टचा. अक्षरं घासली तरी पाय कुठं जातात? मीटरचं एक टोक पायावर, दुसरं वायरी जोडायच्या कडेच्या पट्टीवर. पीं वाजलं की वहीत खूण. दोन दिवस हेच चाललं, पण मजा येत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा परत आला. तवाच पडद्याला रंग देणाऱ्या वायरी जुळल्या. आधी नुसतं हिरवं दिसलं, मग चित्र उलटं आलं, मग नीट झालं. निळ्या अंगरख्याचा तिरंदाज. गेम तोच होता, पण सहा फेऱ्या तर सगळ्यांनाच म्हाईत होत्या. लिव्हर जोडून मी खेळायला बसले. मरत मरत तासाभरानं सहावी संपली.

पडदा काळा झाला. मग लाल नदी आली, पूल आला.

"डावीकडच्या खांबावर उडी मार," मागनं दादा म्हणाला. "उजवा खचतो."

खांबाचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी लिव्हर सोडून दिला. तिरंदाज नदीत पडला. "कवापासून म्हाईत हाय तुला?"

दादा खाली बघत होता. "तवापासनंच. मला तिसरी फेरीसुद्धा जमत नव्हती, अंजे. आन् तू एवढीशी पोर."

डोळ्यांत पाणी आलं, आन् रागही असा आला की सोल्डरिंग गन फेकून मारावी. मारली न्हाई. "आईला फोन लाव," म्हणले.

त्यानं लावला. "आई, अंजी खरं बोलत होती," इथवर तो झटकन आला. "मी खोटं बोललो" म्हणायला त्याला बराच वेळ लागला. तोवर मी काही फोन हातात घेतला न्हाई.