वाटणीतली मोटर

खांदा गेला म्हणून होडीवाल्याला मोटर आठवली, असं लोक म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. खांदा बऱ्याच दिवसांपासून कुरकुरत होता. वल्हं ओढता ओढता हात असा लुळा पडायचा, की होडी जागच्या जागी गोल फिरायची आणि उतारू गमतीने म्हणायचे, "काका, पलीकडे जायचंय, प्रदक्षिणा नको." तोही हसायचा. पण होडीच्या मागे लावायच्या त्या मोटरचा विषय त्याच्यापाशी काढला तो फिटरने.

फिटर त्याचा जुना दोस्त. धक्क्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंप, जनरेटर, जे येईल ते उघडून बसायचा. हात जितके चालायचे तितकंच तोंड. त्या दिवशी मात्र जरा चाचरतच बोलला, "तुझ्या वहिनीने मोटर विकायला काढलीय. दुसऱ्याने नेली तर मग माझ्यापाशी येऊन उसासे टाकू नकोस."

होडीवाला दोरखंडाची गुंडाळी करत राहिला.

दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. दोघे भाऊ दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायचे, आणि वडील गेल्यापासून एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. वाटणीत खोल्या वाटल्या गेल्या, भांडी वाटली गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. अडलं ते होडी आणि मोटरपाशी. होडी वडिलांची, मोटर दादाने बंदरावर हमाली करून घेतलेली. शब्दाने शब्द वाढला. "मोटर माझ्या घामाची आहे," दादा म्हणाला. "मग ठेव उशाला आणि झोप," हा म्हणाला. "ठेवतो की! आणि तू वल्ही मार मरेपर्यंत." बस, एवढंच. एकाने होडी नेली, एकाने मोटर. दादा गोदामात वजनकाट्यावर कामाला लागला, हा वल्ही मारत राहिला. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता केस पिकले. दादा आजारी पडल्याचं कळलं तेव्हा हा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला होता. पुढे पाय उचलला नाही. अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चालला.

आता त्याने वहिनीचं दार वाजवलं. वहिनीने त्याला पाहिलं, बाजूला झाली आणि म्हणाली, "चपला आतच काढा, भावोजी. बाहेर कुत्रं पळवतं."

मोटर मागच्या खोलीत होती. लाकडी चौकटीवर उभी, जुन्या चादरीत बांधलेली. चादरीवर धुळीचा थर, वरच्या झाकणापाशी उंदराने केलेलं भोक. त्याने गाठ सोडली तसा तेलाचा आणि बंद खोलीचा मिळून एक वास आला.

"तशीच न्या, पैसे नकोत," असं म्हणावंसं वाटल्याचं वहिनीच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं, पण ती म्हणाली, "मोटर बघून गेलेल्या दुकानदाराला जो भाव सांगितलाय तोच तुम्हाला. घरातलं म्हणून कमी नाही, आणि फुकट तर मुळीच नाही."

"मी कुठे कमी करा म्हटलं?"

"म्हणू नका म्हणूनच आधी सांगितलं."

त्याने पैसे दिले. मोटर खांद्यावर घ्यायला गेला आणि खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटी वहिनीने एका बाजूने धरलं आणि दोघांनी मिळून ती हातगाडीवर चढवली. हातगाडी वळणापर्यंत गेली तरी वहिनी दारात उभी होती. मागे वळून पाहायचं त्याला धाडस झालं नाही.

शेडमध्ये पोचताच त्याचा हात स्टार्टरच्या दोरीकडे गेला. फिटर ओरडला, "ए बाबा! इतकी वर्षं झोपलेल्या माणसाला लाथ घालून उठवतात का? आत काय गंजलंय, काय चिकटलंय, बघू तर दे."

फिटरने स्पार्क प्लग काढले, भोकांतून पातळ तेल सोडलं आणि मोटर मुरायला ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी वरचं चाक दोन्ही हातांनी धरून हळूच फिरवून पाहिलं. चाक अडलं, मग जरासं सरकलं, मग आळस दिल्यासारखं फिरलं. फिटरने शीळ घातली.

झाकणाखाली उंदरांनी संसार थाटला होता. चिंध्या, कागदाचे तुकडे, कुरतडलेल्या वायरी. होडीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "बघ कशी सडवलीय. मला दिली नाही, आणि स्वतःही..."

"थांब," फिटर म्हणाला. त्याने कार्ब्युरेटर उघडला होता. "जुनं पेट्रोल आत राहिलं असतं ना, तर इथे डिंकासारखी खळ झाली असती. हा बघ, कोरडा ठणठणीत. कुणीतरी मुद्दाम रिकामा करून ठेवलाय." मग त्याने खालचा भाग सोडवला. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा जागेवर नव्हताच. तो एका पुरचुंडीत, पावडर लावून, दांड्याला बांधून ठेवलेला सापडला. "आत ठेवला असता तर पाती मुडपून बसली असती. हे काम अडगळीत टाकणाऱ्याचं नाही रे. आणि हे ग्रीस बघ, थरावर थर आहेत. जुनं काळं, त्यावर नवं, त्यावर आणखी नवं. दर वर्षी उघडत होता तो." फिटरने वरच्या थरावर नख मारलं. ते मेणासारखं कडक झालं होतं. "मग एकदा थांबला."

कधी थांबला ते दोघांनाही ठाऊक होतं. दादाने अंथरूण धरलं त्या वर्षी.

होडीवाला शेडबाहेर जाऊन उकिडवा बसला. फिटरने त्याला हाक मारली नाही. त्या माणसाला तेवढं कळत होतं.

संध्याकाळी तो पुन्हा वहिनीकडे गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने उभ्या उभ्याच विचारलं, "दादा ती मोटर दर वर्षी उघडायचा?"

"उघडायचे."

"कशासाठी?"

वहिनीने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. "पहिल्या वर्षी मी पण विचारलं. म्हणाले, होडी त्याच्याकडे आहे, मोटर लागणारच, येईल तो. तेव्हा चालू स्थितीत पाहिजे."

त्याने बाहीने डोळे पुसले.

"रडू नका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "त्यानेच माझं डोकं फिरतं. दिवस दिवस त्या मोटरपुढे गुडघे टेकून बसायचे. एकेक स्क्रू पुसायचे. मी म्हणायचे, अहो, इतकं करता, त्यापेक्षा दोन गल्ल्या चालून जा ना! तर म्हणायचे, तो धाकटा आहे, त्याने यावं. आणि तुम्ही तिकडे म्हणत असाल, तो थोरला आहे, त्याने बोलवावं. म्हणत होतात ना?"

"हो."

"मग झालं तर. दोघांनी मिळून त्या लोखंडाची सेवा केली. शेवटी शेवटी त्यांना पाणी पाजायला मी एकटी होते." तिने घडी घातलेले कपडे उचलून कपाटात ठेवले आणि कपाटाकडे तोंड करूनच म्हणाली, "मोटर घरातून गेली, बरं झालं. सुरू झाली तर मला सांगायला येऊ नका."

फिटरने नव्या वायरी टाकल्या, गिअरचं तेल बदललं. पुरचुंडीतला पंखा इतका जपूनही कडक झाला होता, तो नवा बसवावा लागला. मग मोटर पाण्याच्या पिंपावर टांगली. होडीवाल्याने बऱ्या हाताने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, एक खोकला. फिटर म्हणाला, "चोक थोडा आत घे, आणि मनातल्या मनात शिव्या देणं बंद कर, तिला ऐकू येतं." पुढच्या ओढीला मोटर धडधडली, गचके खात राहिली आणि पांढऱ्या धुराने सगळी शेड भरून टाकली. खोकत, डोळे पुसत दोघे वाकून पाहत होते. बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार आली, आधी तुटक, मग सलग; पंप पाणी ओढू लागला होता. फिटरने त्याच्या पाठीवर थाप मारली. कोणाचे डोळे धुराने भरलेत आणि कोणाचे कशाने, हे विचारायची वेळ नव्हती.

दुसऱ्या सकाळी त्याने मोटर होडीच्या मागच्या फळीवर आवळली आणि एकटाच पाण्यात निघाला. दांडा हातात धरून वेग वाढवला, तशी होडी मागच्या बाजूने खाली दबली आणि पुढचं टोक हवेत उचललं गेलं. समोरचं काही दिसेना. क्षणभर त्याला वाटलं, मोटर चुकीची बसली. मग लक्षात आलं. वाटणीआधी मोटरपाशी नेहमी दादा बसायचा. हा पुढे, बांबू हातात घेऊन, उथळ पाणी बघत. होडी तोलात असायची ती दोघांमुळे. मागच्या फळीवर तो आज आयुष्यात पहिल्यांदा बसला होता, आणि पुढे कुणी नव्हतं.

त्याने मोटर बंद केली. प्रवाहात होडी हळूहळू आडवी होत गेली. तिथे, भर पाण्यात, तो तोंडावर हात न घेता मोठमोठ्याने रडला. अंत्ययात्रेत रडला नव्हता.

नंतर त्याने वाळूचं एक पोतं भरून पुढे ठेवलं. होडी नीट चालू लागली. खेपा वाढल्या, खांद्याला आराम पडला. उतारू म्हणतात, काकांची आता चैन आहे.

मोटर सुरू झाल्याचं त्याने वहिनीला सांगितलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी तो तिच्याकडे जातो. नळ गळत असेल तर बघतो, सिलिंडर उचलून आत ठेवतो. ती चहा टाकते. तिला पलीकडच्या काठावर बहिणीकडे जायचं असलं, की ती पुलावरून जाणाऱ्या बसने लांबचा वळसा घालून जाते. तो तिला थांब्यापर्यंत पोचवतो, पिशवी हातात देतो आणि बस सुटेपर्यंत उभा राहतो. होडीने चला, असं त्याने एकदाही म्हटलेलं नाही.